४०० चौरस मीटर विरंगुळा

जर्मनीत लाइपझिगला नोकरी लागली तेव्हा मला कामाचा धसका होता. तो लवकरच गेला. काम इथेही तेच. एक मीटिंग, त्या मीटिंगमधून निघालेली दुसरी मीटिंग, आणि शुक्रवारी दुपारी ओस पडलेलं ऑफिस. खरी परीक्षा सोमवारी सकाळी कॉफीच्या मशीनपाशी असते. "वीकएंडला काय केलं?" हे इथे नुसतं बोलायचं म्हणून विचारत नाहीत. समोरचा खरंच उत्तराची वाट पाहतो. "काही नाही, लोळलो" असं मी खरं ते सांगायचो, आणि ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर डॉक्टरकडे न्यावं का याला, असा विचार स्पष्ट उमटायचा. एकजण दोनशे किलोमीटर सायकल मारून आलेला, दुसरी कयाकमधून, तिसऱ्याने मशरूम गोळा केलेले. रविवारी दुकानं बंद, भिंतीला ड्रिल लावायची सोय नाही. छंद धरण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

कोणीतरी बाग सुचवली. शहराच्या कडेला, बहुतेकदा रेल्वेच्या रुळांलगत, कुंपणांनी आखलेले छोटे छोटे तुकडे दिसतात. प्रत्येकात एक खोपटं, एक सफरचंदाचं झाड आणि कुठेकुठे टोपीवाला मातीचा बुटका. याला म्हणतात क्लाइनगार्टन किंवा श्रेबरगार्टन. देशभरात असे नऊ लाखांच्या आसपास तुकडे आहेत आणि लाइपझिग हे त्यांचं माहेर. इथे त्यांचं चक्क संग्रहालय आहे.

गंमत अशी की ज्यांच्या नावाने हा सगळा खटाटोप चालतो त्या डॉ. श्रेबरांनी एकही वाफा खणलेला नाही. मुलांनी मोकळ्या हवेत हातपाय हलवावेत एवढंच त्यांचं म्हणणं. १८६१ मध्ये ते वारले. १८६४ मध्ये हाउशिल्ड नावाच्या मुख्याध्यापकांनी पालकांचा एक संघ काढून त्याला श्रेबरांचं नाव दिलं आणि मुलांसाठी मैदान केलं. पुढे गेझेल नावाच्या शिक्षकांनी मैदानाच्या कडेने मुलांसाठी वाफे आखले. मुलांनी हौसेने पेरलं, कंटाळली आणि परत खेळायला पळाली. तण उपटायला आईबाप राहिले. ते अजून उपटताहेत.

नाव नोंदवून बराच काळ थांबल्यावर माझा नंबर लागला. मला वाटलं, किल्ली देतील. त्याआधी एक मूल्यमापक आले. आधीच्या भाडेकऱ्याने लावलेली झुडपं, फरशा, पाण्याचं पिंप, सगळ्याची त्यांनी एकेक करून किंमत लावली आणि ती मी चुकती केली. मग करार, आणि कराराच्या मागे कायदा. हो, कायदा. या छंदाला केंद्र सरकारचा स्वतंत्र कायदा आहे आणि तो लागू झाला १ एप्रिल १९८३ रोजी. मी तारीख पुन्हा तपासून घेतली. त्यात कोणी हसत नाही.

कायदा म्हणतो, तुकडा ४०० चौरस मीटरपेक्षा मोठा नसावा. खोपटं पडवीसकट २४ चौरस मीटरच्या आत, आणि त्यात कायमचा मुक्काम ठोकता येईल अशी सोय नको. माझ्या शेजारच्या आजोबांचं खोपटं मात्र यापेक्षा बरंच ऐसपैस आहे. ते पूर्व जर्मनी अस्तित्वात असताना बांधलेलं, म्हणून त्याला हात लावता येत नाही. राजवट गेली, भिंत पडली, चलन दोनदा बदललं, खोपटं उभं. आजोबा हे सांगताना ज्या ऐटीत उभे राहतात, त्यावरून ती सगळी उलथापालथ त्यांच्या पडवीसाठीच झाली असावी असं वाटतं.

या आजोबांनीच मला वळण लावलं. एप्रिलच्या अखेरीस छान ऊन पडलं म्हणून मी टोमॅटोची रोपं घेऊन निघालो, तर ते कुंपणापाशी आडवे आले. ११ ते १५ मे हे इथे बर्फाळ संतांचे दिवस. शेवटच्या दिवशी थंडगार सोफीबाई येऊन जातात, आणि त्या गेल्याशिवाय टोमॅटो जमिनीत जात नाही. हवामानखात्याचं ॲप काय म्हणतं ते मी दाखवलं. सोफीबाईंनी ॲप पाहिलेलं नाही, असं आजोबा म्हणाले. मी रोपं परत नेली. (त्या आठवड्यात पहाटे दहिवर गोठलं होतं. याचा उल्लेख त्यांनी अजून थांबवलेला नाही.)

कुंपणाचंही तसंच. १ मार्च ते ३० सप्टेंबर ते मुळापासून छाटायचं नाही, कारण आत पाखरं संसार मांडतात. वरवर आकार द्यायला हरकत नाही. दुपारी एक ते तीन यंत्र लावायचं नाही, कारण आत माणसं झोपतात. शिवाय बागवाल्यांच्या संघाच्या सभासदांनी वर्षाकाठी ठरलेले तास सामुदायिक श्रमदान करायचं, नाहीतर पैसे भरायचे. हे एवढं सांभाळता सांभाळता मी सोमवारी ऑफिसात जाऊन खुर्चीत बसायचो तेव्हा पाठीला पहिल्यांदा आराम पडायचा. कॉफीपाशी मात्र माझा भाव वधारला. "बाग" म्हटल्यावर लोक माना डोलवू लागले.

आणि मग पाहणी आली.

नियम असा की किमान एकतृतीयांश जागेत खाण्याजोगं काही पिकवलं पाहिजे. नुसती हिरवळ आणि गुलाब चालत नाहीत. यावर २००४ मध्ये थेट सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने निकाल दिलेला आहे. उन्हाळ्यात संघाची कार्यकारिणी टिपणवही घेऊन वाफ्यावाफ्यातून फिरते. माझे बटाटे पसंत पडले. घेवड्यावर मान हलली. मग मंडळी कोथिंबिरीपाशी थबकली. ती मी सढळ हाताने पेरली होती, आणि तिला धरलं तरच माझा एकतृतीयांश भरत होता.

"हे तुम्ही खाता?" टिपणवहीवाल्यांनी विचारलं.

"रोज."

"भाजी म्हणून?"

"नाही, वरून घालतो."

"कशावर?"

"सगळ्यावर."

"म्हणजे सजावट," ते म्हणाले आणि शोभेच्या झाडांच्या रकान्याकडे पेन वळलं.

माझ्या आजवरच्या आयुष्यात कोथिंबिरीचा असा अपमान कोणी केला नव्हता. मी वड्यांचा दाखला देणार, तोच कुंपणापलीकडून आजोबांनी शांतपणे विचारलं, "मग पार्सलीचं काय करायचं?"

सगळे गप्प झाले. पार्सली त्या वसाहतीत प्रत्येकाकडे होती. अध्यक्षांकडे तर दोन वाफे. ती उकडलेल्या बटाट्यांवर वरूनच घालतात, हे सगळ्यांना एकदमच आठवलं असावं. खजिनदारांनी टोपी काढून परत घातली. बऱ्याच कुजबुजीनंतर असं ठरलं की प्रश्न तत्त्वाचा आहे, तो वार्षिक सभेपुढे जावा.

सभा हिवाळ्यात भरली. विषयपत्रिकेवर मधोमध छापलं होतं: "विषय ७: कोथिंबीर." त्याआधी पाण्याच्या मीटरवर तासभर चर्चा झाली. मग माझं नाव पुकारलं. मी उभा राहून सांगितलं की इथल्या उन्हाळ्यातल्या लांब दिवसांमुळे कोथिंबीर चटकन फुलावर येते. तशी ती आली, धने धरले, ते वाळले, आणि एव्हाना माझ्या डब्यात आहेत. वाफा मोकळा आहे.

टिपणवहीवाल्यांनी सगळं सावकाश लिहून घेतलं. मग चष्मा वर करून म्हणाले, "मसाल्यांसाठी अर्ज वेगळा करावा लागेल."