एकच स्टार दिलेल्या रिव्ह्यूला उत्तर : खाजगी बेट, जत्रा आणि आमचं पत्रक

नमस्कार आप्पा,

तुमचा रिव्ह्यू परवा रात्री वाचला. लगेच उत्तर लिहायला बसलो होतो, पण तेव्हा डोकं तापलेलं होतं. म्हणून दोन दिवस थांबलो, टूर मॅनेजरला समोर बसवून सगळं विचारून घेतलं आणि आता लिहितोय. तुम्ही सगळ्यांसमोर लिहिलंत, तर उत्तरही सगळ्यांसमोरच द्यायला हवं.

ज्यांनी तुमचा रिव्ह्यू वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मे महिन्यातल्या आमच्या फ्लोरिडा-बहामा सहलीबद्दल आप्पांची तक्रार अशी, की पत्रकात 'खाजगी बेट' छापलं आणि प्रत्यक्षात, त्यांच्याच शब्दांत, 'बेट कसानं, जत्रा शे ती!' टूर मॅनेजर बसमध्ये म्हणाला बेटावर सगळं फ्री, आणि नातवंडांच्या घसरगुंड्यांचं बिल शेवटच्या रात्री हातात पडलं. शाकाहारी माणसाने नुसत्या बटाट्याच्या फोडी खायच्या का? आणि त्यांच्या साडूंना दुसऱ्या टूरवाल्याने नेलेलं बेट शांत होतं, मग आम्ही तिकडे का नेलं नाही?

जहाज कंपनीचं नाव मी इथे घेत नाही. चूक तिची नाही. ती आमच्या पत्रकाची आहे, म्हणजे माझी.

'खाजगी बेट' हे दोन शब्द मीच छापले, आणि शेजारी फोटो टाकला रिकाम्या किनाऱ्याचा, एक माड आणि एक खुर्ची. तो फोटो कंपनीच्याच जाहिरातीतला. पण जळगावात बसून तो पाहणारा माणूस काय समजेल हे कळायला मला कंपनीची गरज नव्हती. आप्पा, तुम्ही केळीवाले. तुमचा मळा खाजगीच आहे, सातबारा तुमच्या नावावर, कुंपणही तुमचं. पण माल कापणीला आला की त्याच मळ्यात चाळीस माणसं, दोन ट्रक आणि व्यापाऱ्याचा माणूस असतो. जहाज कंपनीचं बेट खाजगी असतं ते याच अर्थाने. मालकी किंवा भाडेपट्टा कंपनीचा, बाहेरचा माणूस आत येत नाही, फेरीवाला मागे लागत नाही. आतले मात्र सगळे तुमच्याच जहाजातले, आणि जहाज आता लहान राहिलेलं नाही. रॉयल कॅरिबियनचं २०२४ साली सुरू झालेलं 'आयकॉन ऑफ द सीज' पूर्ण भरलं तर ७,६०० प्रवासी नेतं. धक्क्याला दोन जहाजं लागली तर हिशोब तुम्हीच करा. सारंगखेड्याची यात्रा आठवली असेल तर तुमचं काही चुकलं नाही.

इतक्या जहाजांना तिकडेच का जायचं असतं, हे तुम्ही परतीच्या विमानात मॅनेजरला विचारलं होतं आणि त्याला सांगता आलं नाही. कारण अमेरिकेचा १८८६ सालचा एक कायदा आहे. परदेशी झेंड्याचं, म्हणजे परदेशात नोंदलेलं, जहाज अमेरिकेच्या बंदरातून प्रवासी घेऊन त्याच बंदरात परत येणार असेल, तर वाटेत एका तरी परदेशी ठिकाणी थांबावं लागतं. ही मोठी जहाजं जवळपास सगळी परदेशी झेंड्याचीच, आणि मायामीहून सगळ्यात जवळचा परदेश म्हणजे बहामा. रात्री निघालं की सकाळी पोचतं. मग दुसऱ्याच्या बंदरात पैसे मोजण्यापेक्षा आपलंच बेट असलेलं बरं. नॉर्वेजियन या जहाज कंपनीने १९७७ साली बहामातलं 'ग्रेट स्टिरप की' ('की' म्हणजे छोटं बेट) घेऊन ही वाट पाडली, पुढे बाकीचे त्याच वाटेने गेले. आम्ही अनेक वेळा येण्याजाण्याचा अमेरिकन व्हिसा आहे का म्हणून तुमच्या मागे लागलो होतो तेही यामुळेच. बहामाला जाऊन जहाज परत अमेरिकेतच येतं.

आता साडूंचं बेट. त्यांच्याशी मी फोनवर बोललो (नंबर तुम्हीच दिला होता, आमचं गिऱ्हाईक व्हावं म्हणून). ते गेले होते हाफ मून कीला. हॉलंड अमेरिका लाइनने ते १९९६ साली सुमारे ६० लाख डॉलरला घेतलं. बेट २,४०० एकरांचं, त्यातला अगदी थोडा भाग वापरात, बाकी झाडी आणि पक्षी. चंद्रकोरीसारखा किनारा, पीठासारखी वाळू. साडू खोटं बोललेले नाहीत, मलाही ते बेट सगळ्यात जास्त आवडतं.

पण तिथे साडू किनाऱ्यावर कसे उतरले ते त्यांनी तुम्हाला सांगितलं का? जहाज खोल पाण्यात उभं राहिलं आणि ते होडीत बसून गेले. टेंडर म्हणतात तिला. जहाज हलतंय, होडी हलतेय आणि मधल्या फटीवरून पाय टाकायचा. लाट असेल तर दोन खलाशी दंड धरतात तरी पोटात गोळा येतो. वारा वाढला तर कप्तान बेटच रद्द करतो, आणि त्या दिवसाचे बंदराचे कर सोडले तर सहसा काही परत मिळत नाही. काकूंच्या गुडघ्याबद्दल मी इथे लिहिलं नसतं, पण तुम्हीच रिव्ह्यूत लिहिलंय म्हणून सांगतो. बुकिंगच्या वेळी त्यांचं ऑपरेशन होऊन चार महिने झाले होते. म्हणून मी मुद्दाम धक्का असलेलं बेट निवडलं, जिथे जहाजातून सरळ चालत उतरता येतं. हे तुम्हाला तेव्हाच सांगायला हवं होतं. मला वाटलं ही आतली व्यवस्था, गिऱ्हाइकाला कशाला सांगायची. धक्का आला की मोठं जहाज येतं आणि मोठं जहाज आलं की गर्दी येते. हे दोन्ही एका दोरीला बांधलेलं आहे आणि तो निर्णय तुमच्या वतीने मी परस्पर घेतला.

घसरगुंड्यांचं बोलू. 'सगळं फ्री' हे आमच्या माणसाचं वाक्य, त्याने कबूल केलंय. बेटाबेटाचा रिवाज वेगळा असतो आणि तो मागच्या वर्षी दुसऱ्या बेटावर जाऊन आला होता. डिस्नेच्या कास्टअवे कीवर, जे १९९८ पासून चालू आहे, दुपारचं जेवण आणि पाण्यातली घसरगुंडी भाड्यातच येते, हवा भरलेल्या ट्यूबचे मात्र पैसे. अर्थात डिस्नेचं भाडंच मुळात चढं. रॉयल कॅरिबियनने 'कोकोके' या आपल्या बेटावर २५ कोटी डॉलर ओतून २०१९ मध्ये ते नव्याने उघडलं. तिथे १३५ फूट उंचीची घसरगुंडी आहे, पण त्या वॉटर पार्कचं तिकीट वेगळं आणि त्याचा भाव तारखेप्रमाणे बदलतो. जेवण, खुर्ची, छत्री, साधा किनारा यांना पैसे नाहीत. बेलीझमधल्या नॉर्वेजियनच्या हार्वेस्ट कीवर तर जेवायचेही पैसे पडतात. आणि सहसा रोख चालत नाही, जहाजाचं कार्ड दाखवायचं. कार्ड दाखवताना खिसा हलका झाल्यासारखं वाटत नाही, वाटतं ते शेवटच्या रात्री. थंड पेयाच्या कॅनचं तुम्ही लिहिलंय तेही त्यातलंच. पाणी, लिंबू सरबत मोफत होतं, पण ते कुठे आहे हे कोणी दाखवलं नाही.

दोन्ही नातवंडांच्या घसरगुंड्यांच्या तिकिटांचे पैसे आम्ही परत करतोय, त्या दिवशीच्या डॉलरच्या भावाने. पेयांचे करत नाही. ती तुम्ही मागवली, प्यायलीत, आणि फोटोत खूश दिसताय.

जेवणाचं मी पूर्ण मान्य करणार नाही. जाण्याआधीच्या मीटिंगमध्ये मी अर्धा तास याच विषयावर बोललो होतो. जहाजावर आपलं वरण-भात-पोळीच्या जवळ जाणारं शाकाहारी जेवण रोज मिळालं, ते तुम्ही लिहिलेलं नाही. बेटावर मात्र स्वयंपाक म्हणजे बार्बेक्यू. बर्गर, सॉसेज, कोंबडी, बाजूला सॅलड, फळं, फ्राइज. मागितलं तर भाज्यांचा बर्गर मिळतो, पण मागावा लागतो. घरचा डबा जहाजावर चढवू देत नाहीत, सीलबंद पाकिटं चालतात. आपल्यातल्या सहा जणांनी सांगितल्याप्रमाणे खाकरा आणि शेंगदाण्याच्या चटणीचं पाकीट नेलं होतं, त्यांचं दुपारी भागलं. वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकर बहामात मिळेल असं मी कुठेच छापलेलं नाही. (छापलं असतं तर बुकिंग दुप्पट झालं असतं.)

'मोठ्यांसाठीच्या किनाऱ्यावर आम्हाला अडवलं, तिथे काय चालतं देव जाणे' असंही तुम्ही लिहिलंय. काही चालत नाही, आप्पा. १८ वर्षांखालच्यांना प्रवेश नाही, एवढंच. आरडाओरडा नको असलेली माणसं तिथे पुस्तक वाचत पडलेली असतात. तुमच्यासोबत नातवंडं होती म्हणून अडवलं. तुम्ही आणि काकू दोघंच गेला असता तर तुम्हाला हवी होती ती शांतता तिथेच होती. हे सांगणं मॅनेजरचं काम होतं, त्याने सांगितलं नाही.

एक गोष्ट तुमच्या फोटोंवरून कळली. पहिल्या फोटोत वेळ अकरा पंचवीसची आहे. जहाज आठला लागलं होतं. आपला ग्रुप नाश्ता, आंघोळी, मग सगळ्यांचा एकत्र फोटो, असं करत जवळपास साडेतीन तासांनी उतरला. तोवर सावलीतल्या खुर्च्या गेल्या. सकाळी आठ ते दहा तोच किनारा माझ्या पत्रकातल्या फोटोच्या बराच जवळ असतो. पुढच्या ग्रुपला नाश्ता बांधून घेऊन पहिल्या तासात उतरवणार.

पुढे जायचंच असेल आणि गर्दी नकोच असेल, तर मी तुम्हाला बहामा सुचवणार नाही. लक्षद्वीपला चला. ३६ बेटं, त्यातल्या १० वर वस्ती, आधी परवाना काढावा लागतो म्हणून माणसं मोजकीच. घसरगुंडी नाही, नातवंडं कंटाळतील हे आत्ताच सांगून ठेवतो.

नवीन पत्रकात 'खाजगी बेट' काढून 'जहाज कंपनीचं बेट, दिवसभरात काही हजार प्रवासी' असं लिहिलंय, आणि खाली कशाला पैसे पडतात ते. रिकाम्या किनाऱ्याचा फोटोही काढून टाकला. त्या जागी तुम्ही रिव्ह्यूला जोडलेला तिसरा फोटो टाकायचा विचार आहे, तो ज्यात छत्र्याच छत्र्या दिसतात आणि कोपऱ्यात काकू साडी सावरत पाण्यात उभ्या आहेत. काकूंचा भाग कापून टाकतो. तुमची परवानगी असेल तर ऑफिसात फोन करून सांगा, छपाई सोमवारी आहे.