अभ्यास करावा, पण बेताने

अभ्यासाला बसण्याआधी टेबल आवरा. आवरताना जुनं वेळापत्रक हाती लागेलच. ते कधी अमलात न आल्यामुळे अजून कोरं करकरीत असेल, तरी नवं करायला घ्या. ‘उजळणी’चा रकाना सगळ्यात मोठा ठेवा, जे वाचलंच नाही त्याच्या उजळणीला वेळ लागतोच.

मग हायलाइटर घ्या. महत्त्वाचं तेवढंच रंगवायचं, हा नियम पहिल्या परिच्छेदापुरता. पुढे कुठल्याही वाक्याचं मन मोडू नये. सगळं पान पिवळं झालं की चुकून कोरी राहिलेली एकच ओळ काय ती डोळ्यांत भरते. 2013 साली मानसशास्त्रज्ञ जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या 10 पद्धती तपासल्या आणि ओळी रंगवणं व तेच तेच पुन्हा वाचणं, दोन्हींना उपयुक्ततेत खालच्या पायरीवर बसवलं. त्यांचा तो शोधनिबंध वाचलात तर एवढं वाक्य तरी ठळक रंगवून ठेवा.

एखादं जुनं, वापरलेलं पाठ्यपुस्तक उघडून बघा. पहिलं प्रकरण नखशिखान्त रंगलेलं, दुसऱ्यात फक्त व्याख्यांखाली रेघा, तिसऱ्यात समासात एकच भलंमोठं प्रश्नचिन्ह. तिथून शेवटापर्यंत पानं स्वच्छ. आधीचा मालक नेमका कुठे धारातीर्थी पडला ते कळतं, आणि आपणही त्याच ठिकाणी मुक्काम करावा.

लेखकांचीही साथ असतेच. ‘यावरून सहज लक्षात येईल’ असं छापलेलं दिसलं की पेन खाली ठेवून चहाला उठा. आकृती नेहमी उलट्या पानावर असते. तिथे बोट घालून पुढेमागे करण्यात अर्धा तास सत्कारणी लागतो.

पाठांतराची घाई तर नकोच. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरांच्या याद्या घोकून स्वतःवरच प्रयोग केले आणि 1885 साली छापून टाकलं की माणूस सुरुवातीलाच सगळ्यात झपाट्याने विसरतो. त्यांनी मधे अंतर ठेवून पुन्हा पाठ करण्याचा फायदाही दाखवला होता, पण तेवढं सोडून द्या. विसरायचंच आहे तर आठवडाभर आधीपासून कशाला? परीक्षेची आदली रात्र पुरे.

एक पथ्य मात्र कडक पाळा. पुस्तक मिटून ‘मला काय आठवतंय?’ असं स्वतःला कधीही विचारू नका. डनलॉस्कींच्या यादीत ही पद्धत वरच्या पायरीवर आहे, पण तिने सगळं कळल्याचा आनंद जागच्या जागी मावळतो. दुसऱ्या कुणी विचारलंच, तर पान क्रमांक सांगावा.