शेणखताचे एक मत

गेल्या गुरुवारी पुण्याहून मुंबईला जाणाऱ्या सकाळच्या गाडीत, लोणावळा ते कर्जत या टप्प्यात, माझा जाहीर पराभव झाला. तो इतका किरकोळ होता की घरी सांगितल्यावर बायको 'बरं, मग?' एवढेच म्हणाली, आणि इतका जिव्हारी लागला की पाच दिवस उलटूनही दाढी करताना मला त्या काकांना द्यायची उत्तरे सुचत आहेत.

वाद माझा आणि माझ्या मित्राचा होता, आपल्या दोघांपैकी कोणाच्या लाडक्या रॉक कलावंतावर मोठा अन्याय झाला याचा, आणि तो गेली वीस वर्षे चालू आहे. अमेरिकेत क्लीव्हलंड शहरी, ईरी सरोवराच्या काठावर, रॉक संगीतातल्या थोरांना मानाचे पान देणाऱ्या रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमचे काचेचे त्रिकोणी संग्रहालय उभे आहे. इमारत 1995 मध्ये खुली झाली, पण मानकऱ्यांची निवड 1986 पासूनच सुरू होती. पहिली ध्वनिमुद्रिका निघून 25 वर्षे लोटली की कलावंत पात्र ठरतो. मग एक समिती बंद दाराआड नावे काढते आणि हजारावर मतदार त्यांवर शिक्के मारतात. काही वर्षांपासून सामान्य चाहत्यांनाही मतदान करू देतात, परंतु लाखो चाहत्यांच्या कौलातून जी एक मतपत्रिका तयार होते, ती इतर हजार मतपत्रिकांच्या गठ्ठ्यात एक म्हणून जाऊन पडते. 2020 मध्ये डेव्ह मॅथ्यूज बँड चाहत्यांच्या मतदानात पहिला आला आणि तरीही बाहेर राहिला. त्याला 2024 पर्यंत थांबावे लागले. आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेचा अनुभव असलेल्या माणसाला या पद्धतीत काहीही नवे वाटणार नाही.

माझा उमेदवार जेथ्रो टल. 1968 पासून वाजवणारा हा इंग्लिश संच 1993 मध्येच पात्र झाला होता, आणि 2025 ची यादी लागली तरी दाराबाहेरच होता. त्याचा म्होरक्या इअन अँडरसन एका पायावर उभा राहून बासरी वाजवतो. एरिक क्लॅप्टनसारखी गिटार आपल्याला जन्मात जमणार नाही, हे वेळेवर ओळखून त्याने गिटार देऊन टाकली आणि बासरी घेतली. स्वतःची कुवत इतक्या लवकर ओळखणाऱ्या माणसाला खरे तर केवळ त्या एका गुणावर मखरात बसवायला हवे. माझ्या मित्राचा उमेदवार म्हणजे आयर्लंडचा रोरी गॅलघर. त्याच्या 1961 च्या स्ट्रॅटोकास्टर गिटारीचा रंग इतका उडाला होता की आतले लाकूड दिसत असे. तो 1995 मध्ये वारला, 2024 मध्ये त्या गिटारीचा लिलाव झाला आणि ती आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाला मिळाली. म्हणजे गिटार संग्रहालयात पोहोचली आणि वाजवणारा अजून रांगेतच आहे, हा मित्राचा हुकमी मुद्दा. तो त्याने लोणावळ्यापूर्वी दोनदा वापरला होता.

तेवढ्यात समोरच्या बाकावरून प्रश्न आला.

"कुठला हॉल मिळत नाहीये?"

विचारणारे गृहस्थ सत्तरीच्या आसपासचे होते. अंगात अर्ध्या बाह्यांचा पांढरा सदरा, खिशाला दोन पेने आणि मांडीवर एक स्टीलचा डबा, ज्यातून ते शेंगदाणे एकेक करून, टरफल काढून, फुंकर मारून तोंडात टाकत होते. लग्नसराई तोंडावर आलेली असल्याने त्यांना कार्यालयाची अडचण दिसली होती, आणि म्हात्रे पुलापलीकडे एक स्वस्त हॉल त्यांच्या माहितीत होता. मी त्यांना नम्रपणे सांगितले की हा हॉल क्लीव्हलंडला आहे. "मग लांब पडेल," ते म्हणाले आणि पुढचा शेंगदाणा सोलू लागले.

येथे मी गप्प बसलो असतो तर हा लेख लिहावा लागला नसता. पण माझ्या अंगात जेथ्रो टलचा जुना टी-शर्ट होता, त्यावर फाटका कोट घालून एका पायावर उभा असलेला अँडरसन होता, आणि काकांची नजर त्यावर स्थिरावली.

"हे कुठले महाराज?"

"महाराज नव्हेत, गायक आहेत. बासरी वाजवतात."

"पाय मुडपून उभे आहेत म्हणून विचारलं. कृष्णाचाही तसाच असतो." त्यांनी मान वाकडी करून छातीवरची अक्षरे लावली. "जे… थ्रो… टल. टल? तो पाभरवाला?"

माझा मित्र हसला. तेथून पुढे तो कर्जतपर्यंत हसतच होता. वीस वर्षांच्या मैत्रीत त्याने माझ्या कोणत्याही विनोदाला इतकी दाद दिलेली नाही.

काका कृषी खात्यातून निवृत्त झाले होते, आणि जेथ्रो टल हे नाव त्यांनी महाविद्यालयात परीक्षेसाठी पाठ केले होते. संचाचे नाव एका जुन्या इंग्रज शेतकऱ्यावरून ठेवले आहे, एवढे मलाही ठाऊक होते. सुरुवातीला या मंडळींना एकाच क्लबात दुसऱ्यांदा कोणी बोलावत नसे, म्हणून ते दर वेळी नवे नाव घेऊन जात. कार्यक्रम ठरवणाऱ्या कचेरीतल्या कोणा इतिहासप्रेमी माणसाने हे नाव सुचवले, आणि त्याच नावावर पुन्हा बोलावणे आले म्हणून ते कायमचे चिकटले. माझे ज्ञान येथे संपत होते आणि काकांचे येथून सुरू होत होते.

"बर्कशायरचा माणूस. 1701 साली त्यानं पेरणीयंत्र काढलं. तोवर तिकडं बी हातानं फोकायचे. यानं ओळीत, सारख्या खोलीवर पेरायला लावलं. आता मला सांगा, त्याला बी सोडायची युक्ती कशावरून सुचली?"

मी गप्प. मित्रही गप्प, पण तो सुखाने गप्प होता. खिडकीजवळ कानात इअरफोन घालून बसलेल्या मुलीने एका कानातला काढला.

"ऑर्गनवरून," काका म्हणाले. "चर्चमधला मोठा बाजा असतो ना, त्याच्या आत हवा सोडायला खाच, पट्टी आणि स्प्रिंग असते. तीच तऱ्हा त्यानं बियाण्याला लावली. एवढे तुम्ही त्याचे भक्त, अंगावर नाव घालून फिरता, आणि हे माहीत नाही?"

तीस वर्षे मी हा संच ऐकतो आहे. त्याच्या कोणत्या वर्षी कोण ढोल वाजवत होते, ते मला झोपेतून उठवून विचारा. आणि ज्या एका धाग्याने ते नाव संगीताशी बांधलेले होते, तो धागा मला एका शेंगदाणे खाणाऱ्या निवृत्त अधिकाऱ्याने खंडाळ्याच्या बोगद्यात हातात द्यावा, याचा मला जो राग आला तो सर्वस्वी अन्यायाचा होता हे मान्य करूनही सांगतो, की फार आला.

मी प्रतिहल्ला केला. 1989 मध्ये हार्ड रॉक आणि मेटल या प्रकाराचे ग्रॅमी पारितोषिक प्रथमच दिले गेले आणि ते मेटॅलिका या मेटल संचाला डावलून जेथ्रो टलला मिळाले, हे मी सांगितले. सभागृहात लोकांनी हुर्यो केली, आणि जिंकणार नाही या खात्रीने संच तिकडे फिरकलाच नव्हता. मग त्यांच्या कंपनीने जाहिरात दिली, की बासरी हे जड धातूचेच, म्हणजे 'हेवी मेटल'चेच, वाद्य आहे.

"बासरी बांबूची असते," काका म्हणाले. "वेळूच्या लागवडीला आता अनुदान आहे."

मी म्हणालो, की नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यानंतर थोड्याच दिवसांत, गावात कोणी यायला तयार नसताना, याच अँडरसनने मुंबईत पीडितांच्या मदतीसाठी कार्यक्रम केला आणि अनुष्का शंकर त्यात त्याच्यासोबत होत्या. यावर काका क्षणभर थांबले, "हे चांगलं केलं" म्हणाले आणि मला एक शेंगदाणा दिला. त्या दिवसातला माझा तो एकमेव विजय होता.

अंगात बळ आले म्हणून मी मूळ तक्रारीवर गेलो, आणि आवाज जरा चढला असावा, कारण पलीकडच्या बाकावरचे लोकही वळून पाहू लागले. मी म्हणालो, हा हॉल माणसाला मखरात बसवतो, पण माणूस उरला नाही की. डीप पर्पल 1993 मध्ये पात्र झाला आणि 2016 मध्ये आत गेला. ज्याच्या ऑर्गनशिवाय तो संच ओळखूही आला नसता, तो जॉन लॉर्ड 2012 मध्येच गेला होता. येस या संचाला 2017 मध्ये बोलावले, तेव्हा त्यांचा बेसवादक ख्रिस स्क्वायर जाऊन दोन वर्षे झाली होती. सिस्टर रोझेटा थार्प ही बाई गळ्यात विजेची गिटार अडकवून देवाची गाणी म्हणत असे आणि पुढचे सगळे रॉकवाले तिच्या पायाशी बसावेत अशी ती वाजवत असे. ती 1973 मध्ये वारली आणि तिची आठवण त्यांना 2018 मध्ये झाली. आपल्याकडे निदान श्राद्ध तरी वेळच्या वेळी घालतात. ॲलेक्स लाइफसन मला म्हणूनच आवडतो: त्याच्या रश या संचाला 2013 मध्ये एकदाचे आत घेतले, तेव्हा तो ध्वनिक्षेपकासमोर उभा राहिला आणि आभाराच्या संपूर्ण भाषणात फक्त 'ब्ला ब्ला ब्ला' म्हणाला. इतके प्रामाणिक सत्काराचे उत्तर मी आपल्या एकाही नाट्यगृहात ऐकलेले नाही.

"आपलं कोणी आहे का आत?" काकांनी मुद्द्याचे विचारले.

आहे, मी म्हणालो. क्वीन संच 2001 मध्ये आत गेला, आणि त्याचा फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या शाळेत शिकला, तिथेच त्याने पोरापोरांचा पहिला संच काढला. अर्थात तोही 1991 मध्ये गेला होता.

"पाचगणी म्हणजे आमचं वाई कार्यालय," काका खुलले. "सात वर्षं होतो. स्ट्रॉबेरी." आणि फ्रेडी मर्क्युरी हा आपल्या खात्यातलाच, अशा समाधानाने त्यांनी टरफले फुंकली.

त्यानंतर त्यांनी निवडणूक घेतली. क्लीव्हलंडच्या निवडणुकीत हजारावर मतदार असतात. येथे पाच होते. मुलीने रोरी गॅलघरला मत दिले, कारण माझ्या मित्राने तिला फोनवर त्या सोललेल्या गिटारीचे चित्र दाखवले होते, आणि प्रचाराची वेळ संपल्यानंतर दाखवले होते. कोपऱ्यात झोपलेल्या माणसाला उठवले, तेव्हा तो 'कल्याण आलं का' म्हणाला. काकांनी ते मत बाद ठरवले. मित्राचे मत त्याच्याच उमेदवाराला, माझे माझ्याला. उरले काकांचे.

"टलला मी दिलं असतं," ते डबा बंद करत म्हणाले, "पण तो म्हणायचा शेणखताची गरज नाही. माती बारीक केली की झाडाला सगळं मिळतं म्हणे. तिथं चुकला तो. ज्यानं शेणखताला विरोध केला त्याला माझं मत नाही."

मी कळवळून सांगितले, की काका, तो टल वेगळा आणि हा टल वेगळा. या बिचाऱ्याने शेणखताविरुद्ध आयुष्यात एक सूर काढलेला नाही. काका बधले नाहीत. नाव लावले की जबाबदारी आलीच, असे त्यांचे म्हणणे पडले. शेवटचा उपाय म्हणून मी सांगितले, की हा अँडरसन स्वतःही शेती करत असे; स्कॉटलंडमध्ये त्याने अनेक वर्षे सॅमन माशांची शेती केली होती.

"मत्स्यव्यवसाय," काका म्हणाले, "वेगळा विभाग."

आणि मग त्यांनी आपले मत तिफणीला दिले. आपल्याकडे बाई चाड्यावर मूठ धरून पिढ्यान्‌पिढ्या ओळीतच पेरत आली, ती तिफण काढणाऱ्याचे नाव कोणत्या पाठ्यपुस्तकात आहे, असे त्यांनी मला विचारले. मला सांगता आले नाही. माझ्या मित्राने टाळी वाजवली, त्या मुलीने आपले मत बदलून तिफणीला दिले, आणि पलीकडच्या बाकावरून दोन हात आपणहून वर आले. तिफण चार, गॅलघर एक, टल एक. कर्जतला वडापाव आले ते काकांनी घेतले आणि सर्वांना वाटले. माझ्या वाट्याला आलेल्यात चटणी नव्हती.

उतरताना त्यांनी माझा नंबर घेतला, आणि मीही बावळटासारखा दिला. तेव्हापासून रोज सकाळी मला हवामानाचा अंदाज आणि बीजप्रक्रियेचे वेळापत्रक येते. मित्राने आमच्या जुन्या रॉकप्रेमी गटाचे नाव बदलून 'शेणखत' केले आहे आणि मी बाहेर पडण्याची धमकी दिल्यावर सगळ्यांनी अंगठे दाखवले. काल रात्री मी पडल्यापडल्या त्या ऑर्गनच्या गोष्टीची पडताळणी केली, ती खोटी निघावी अशी मनोमन इच्छा धरून. ती खरी निघाली. आणि आज सकाळी काकांनी कुठल्याशा कृषी प्रदर्शनातला फोटो पाठवला. हिरव्या रंगाचे, ट्रॅक्टरला जोडायचे, चकचकीत नऊ फणी पेरणीयंत्र होते, आणि खाली लिहिले होते: 'तुमचे टलसाहेब. सुधारित आवृत्ती. सोबत खतपेटी आहे.'