लोहाच्या गोळीने बाळ काळं होत नाही

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला चार ग्रुपवर आला. 'गरोदर बाईने पाळायचे पाच नियम', आणि खाली 'प्रत्येक लेकीपर्यंत पोहोचवा'. नियम असे: लोहाच्या गोळ्या घेऊ नका, बाळ काळं होतं. सातव्या महिन्यापासून निम्मंच जेवा, नाहीतर बाळ मोठं होऊन सिझर करावं लागतं. पपईला शिवू नका. ग्रहणात विळी धरू नका, पाणीही पिऊ नका. गाडीत पट्टा लावू नका, बाळ दबतं.

मी उपकेंद्रात नर्स आहे. हा मेसेज पाठवणाऱ्यांत माझी मावशीही आहे आणि तिला लेकीसुनांची काळजीच आहे. पण यातल्या बहुतेक नियमांनी बाई धोक्यात येते, म्हणून लिहिते.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते गोळ्यांच्या नियमाने. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 52.2 टक्के गरोदर बायकांना रक्तक्षय निघाला. त्यासाठीच चौथ्या महिन्यापासून 180 दिवस रोज एक लाल गोळी देतात. तिच्यात 60 मिलिग्रॅम लोह आणि सोबत फॉलिक अ‍ॅसिड असतं. बाळाचा रंग आईबापाकडून येतो; गोळीने फक्त शी काळी होते, कारण न शोषलेलं लोह बाहेर पडतं. मागच्या वर्षी एका सुनेचं हिमोग्लोबिन 7.8 आलं. घरी गेले तर फडताळात चहाच्या डब्यामागे गोळ्यांची पाकिटं होती, तीसपैकी सव्वीस गोळ्या तशाच. "सिस्टर, संडासला काळं झालं. म्हटलं, बाळही तसंच व्हायचं," ती हळूच म्हणाली. कुणी तिला हे आधी सांगितलंच नव्हतं. मग डॉक्टरांनी दिवसाला दोन गोळ्या सांगितल्या. त्या चहाबरोबर नाही, लिंबूपाण्याबरोबर घ्यायच्या आणि कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी, कारण चहा आणि कॅल्शियम लोह शोषू देत नाहीत. सहा आठवड्यांनी आकडा 9.1 झाला. बाळंतपणात रक्त जातंच. अंगात आधीच कमी असेल तर थोडं जास्त गेलेलंही जिवावर बेततं.

निम्मं जेवण्याचा नियम तर उलटाच आहे. अडीच किलोपेक्षा कमी वजनाचं बाळ लवकर आजारी पडतं, नीट दूध ओढत नाही. सिझर टाळायला म्हणून आईला उपाशी ठेवू नये. उलट रोज एक भाकरी, वाटीभर उसळ, चालत असेल तर एक अंडं जास्त द्या.

पपईबद्दल अर्धं खरं आहे. कच्च्या पपईत चीक असतो, ती टाळाच. पूर्ण पिकलेली खायला हरकत नाही.

ग्रहणात चिरलं की बाळाचा ओठ फाटतो, ही भीती मी दर ग्रहणाला ऐकते. ओठ चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळतो. सातव्या महिन्यात हातात विळी धरून जुळलेला ओठ उघडत नाही. सूर्याकडे नुसत्या डोळ्यांनी बघू नये, हे सगळ्यांनाच लागू. पण सूर्यग्रहणाचे वेध चार प्रहर, म्हणजे बारा तास धरतात. तेवढा वेळ पोटुशीला कोरडं ठेवलं तर तिला चक्कर येते, अंगातलं पाणी कमी होतं.

गाडीतला पट्टा लावायचाच. खालचा पट्टा पोटावरून न घेता पोटाखालून, मांड्यांच्या वर कमरेच्या हाडावर घ्या. तिरपा पट्टा दोन्ही स्तनांमधून पोटाच्या बाजूने जाऊ द्या. अचानक ब्रेक लागला की पट्टा नसलेली बाई समोर आपटते आणि पोटाला मार लागतो.

माझं खरं दुखणं वेगळंच आहे. पाच नियमांत मिश्रीचं नावही नाही. सकाळी अंगणात सासू-सुना शेजारी बसून तळहातावरची काळी पूड दातांना लावतात, आणि सून सहावा महिना चालू असतानाही लावत असते. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. त्याने बाळाचं वजन घटतं, दिवस भरण्याआधी बाळंतपण होण्याचा धोका वाढतो. सासूबाई, तुम्हीही डबी बाजूला ठेवलीत तर सुनेला सोडणं जमेल. माझ्या हद्दीत दोन घरांत ते जमलंय.

आणि डोकं फार दुखायला लागलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तोंड सुजलं, अंगावरून रक्त गेलं किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर ग्रुपवर विचारत बसू नका. 108 ला फोन लावा.