जागा किती ते नंतर, रेषा कोण आखणार ते आधी विचारा

आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या मतदारसंघ पुनर्रचनेवरून जोरदार वाद चालू आहे. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कुठल्या राज्याला लोकसभेच्या किती जागा, हे १९७१ च्या जनगणनेवर गोठवून ठेवलंय, आणि ते २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत तसंच राहणार असं घटनेत लिहिलंय. आता २०२७ ची जनगणना तोंडावर आली म्हटल्यावर दक्षिणेतली राज्यं म्हणतायत की आम्ही लोकसंख्या आटोक्यात ठेवली त्याची शिक्षा आम्हालाच का, स्टॅलिन यांनी मार्च २०२५ मध्ये चेन्नईत त्यासाठी बैठकही बोलावली होती, आणि आमच्या ग्रुपवर काका लोकांचं गणित चाललंय की महाराष्ट्राच्या ४८ च्या किती होणार आणि यूपीच्या ८० च्या किती. पण राज्याला मिळालेल्या जागांच्या हद्दी आतमध्ये कोण आखणार, कुठल्या नियमानं आखणार, हे कुणीच विचारत नाही, आणि मला इथे अमेरिकेत बसून त्याचीच जास्त काळजी वाटते.

का वाटते ते सांगतो. मी शॉमबर्गला राहतो, शिकागोच्या वायव्येला, ओ'हेअर विमानतळापासून जवळच. हे गाव १९५६ मध्ये अधिकृतपणे स्थापन झालं तेव्हा इथे जेमतेम १३० माणसं होती, आजूबाजूला जर्मन लुथरन शेतकऱ्यांची शेतं. मग हायवे आला, १९७१ मध्ये वूडफिल्ड मॉल उघडला, मोटोरोलाचं मुख्यालय आलं, पुढे सीअर्स ही दुकानांची मोठी कंपनी शिकागोतला आपला टॉवर सोडून शेजारच्या हॉफमन इस्टेट्समध्ये आली. त्या नोकऱ्यांच्या मागे आधी शहरातले गोरे मध्यमवर्गीय आले, नंतर पोलिश, मेक्सिकन, कोरियन आणि आपण, म्हणजे गुजराती, तेलुगू, तमिळ, मराठी सगळेच. एल्जिनमध्ये दुकानांच्या पाट्या स्पॅनिशमध्ये दिसतात, बार्टलेटला स्वामीनारायणाचं मोठं मंदिर आहे. हा सगळा आत्ताचा इलिनॉयचा आठवा काँग्रेशनल डिस्ट्रिक्ट, म्हणजे आपल्या भाषेत लोकसभा मतदारसंघ.

पूर्वी हा सगळा पट्टा रिपब्लिकन पक्षाचा बालेकिल्ला. १९६९ मध्ये डोनाल्ड रम्सफेल्ड यांनी खासदारकी सोडली, हो तेच, नंतर इराक युद्धाच्या वेळी संरक्षणमंत्री असलेले, त्या जागेवर पोटनिवडणुकीत फिल क्रेन आले आणि पुढे पस्तीस वर्षं खासदार राहिले. एकदम कट्टर उजवे, १९८० मध्ये राष्ट्राध्यक्षपदासाठीही उभे होते. त्या काळात मतदारसंघाचा नंबर तेरा होता मग बारा झाला मग आठ, कारण इथे दर दहा वर्षांनी जनगणना झाली की हद्दी नव्याने आखतात आणि नंबरही इकडचे तिकडे होतात. २००४ मध्ये मेलिसा बीन या डेमोक्रॅट बाईंनी क्रेन यांना हरवलं, उपनगर बदलत चाललं होतं त्याची ती पहिली मोठी खूण. मग २०१० मध्ये टी पार्टीच्या, म्हणजे रिपब्लिकन पक्षातल्या कट्टर उजव्यांच्या चळवळीच्या लाटेत जो वॉल्श यांनी बीन यांना हरवलं, तेही तीनशेपेक्षा कमी मतांनी! ग्रीन पार्टीच्या उमेदवाराने तिथे सहा हजारांवर मतं खाल्ली होती. म्हणजे लढत कशी असते ते बघायचं तर हाच मतदारसंघ, दोन्ही बाजूंना घाम फुटायचा, उमेदवार ट्रेनच्या स्टेशनवर सकाळी सहाला उभे राहून हात मिळवायचे.

आणि मग २०११ आलं. इलिनॉयमध्ये हद्दी कोण ठरवतं तर राज्याची विधानसभा, साधं विधेयक असतं, बहुमतानं पास करायचं आणि गव्हर्नरनी, म्हणजे इथल्या निवडून आलेल्या मुख्यमंत्र्यांनीच म्हणा, सही करायची. दोन्हीकडे डेमोक्रॅट. त्यांनी नकाशा असा काढला की आठव्या मतदारसंघाचा नंबर तोच राहिला पण जमीनच बदलली, आधी त्यात लेक आणि मॅकहेन्री काउंटीचा (काउंटी म्हणजे आपल्याकडचा जिल्हा) मोठा भाग होता, तो बराचसा काढून टाकला आणि आमचा कुक काउंटीचा वायव्य भाग, ड्युपेजचा तुकडा, एल्जिन असं जोडून दिलं, म्हणजे डेमोक्रॅट मतं जिथे आहेत ते सगळं एकत्र. वॉल्श यांचं घरसुद्धा शेजारच्या चौदाव्यात गेलं. तरी ते आठव्यातच लढले आणि २०१२ मध्ये टॅमी डकवर्थ यांच्याकडून हरले. डकवर्थ म्हणजे इराकमध्ये हेलिकॉप्टरवर हल्ला होऊन दोन्ही पाय गमावलेल्या सैनिक, त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे, बहुतेक त्या जुन्या नकाशातही चांगल्या लढल्या असत्या. पण ते आता कधीच कळणार नाही ना, हाच तर प्रॉब्लेम आहे.

२०१६ मध्ये डकवर्थ सिनेटवर गेल्या आणि राजा कृष्णमूर्ती निवडून आले, दिल्लीत जन्मलेले, इथे पिओरियात वाढलेले. आमच्या मराठी मंडळींमध्ये तेव्हा काय आनंद होता, आपल्या माणसाला अमेरिकेच्या संसदेत बघितलं म्हणून, आणि माणूस कष्टाळू आहे, मतदारसंघात सतत फिरतो, मला काही तक्रार नाही. २०२० मध्ये तर त्यांच्यासमोर रिपब्लिकन पक्षाने उमेदवारच दिला नव्हता. ज्या भागात दहा वर्षांपूर्वी तीनशे मतांनी निकाल लागला होता! माणसं बदलली हे खरंच आहे, पण माणसं बदलली त्यापेक्षा रेष जास्त हलली.

२०२१ मध्ये पुन्हा तेच. गव्हर्नर प्रिट्झकर यांनी निवडणुकीच्या आधी सांगितलं होतं की पक्षपाती नकाशा आला तर व्हेटो करीन, मग आलेल्या नकाशावर सही केली. राज्याला जागा १७ आणि त्यातल्या १४ डेमोक्रॅट, आणि हे अशा राज्यात जिथे २०२४ मध्ये ट्रम्पना ४३ टक्क्यांच्या आसपास मतं पडली. मला स्वतःला ट्रम्प अजिबात आवडत नाहीत. तरीपण शेजारच्या घरावर त्यांची पाटी असते त्या म्हाताऱ्या जोडप्याच्या मताला काही किंमत उरू नये, हे मला पटत नाही. आमच्याकडे काउंटीकडून मतदार कार्ड पोस्टाने येतं, त्यावर तुमचा काँग्रेसचा नंबर, राज्य सिनेटचा नंबर, शाळेचा नंबर असे ओळीने छापलेले असतात, नकाशा बदलला की नवीन कार्ड येतं आणि मागच्या गल्लीतल्या मित्राचा नंबर वेगळा निघतो. का, ते कार्डावर लिहिलेलं नसतं.

लोकांनी प्रयत्न केले नाहीत असं नाही. २०१६ मध्ये विधानसभेच्या हद्दी तरी स्वतंत्र आयोगाने आखाव्यात म्हणून पाच लाखांहून जास्त सह्या गोळा झाल्या, राज्याच्या सुप्रीम कोर्टाने ४ विरुद्ध ३ ने तो प्रस्ताव मतपत्रिकेवरच येऊ दिला नाही. आणि २०१९ मध्ये देशाच्या सुप्रीम कोर्टाने सांगून टाकलं की पक्षाच्या सोयीने हद्दी आखल्या तरी फेडरल (केंद्रीय) कोर्टं त्यात पडणार नाहीत. त्याचा परिणाम २०२५ मध्ये दिसला. ट्रम्प यांच्या सांगण्यावरून टेक्ससने जनगणना नसताना मध्येच नकाशा बदलायला घेतला, रिपब्लिकन पक्षाच्या पाच जागा वाढवायला, तर तिथले डेमोक्रॅट आमदार कोरम (सभागृह चालवायला लागणारी किमान उपस्थिती) मोडायला राज्य सोडून पळाले आणि कुठे आले तर आमच्याजवळच, सेंट चार्ल्सच्या एका हॉटेलात! ग्रुपवर लगेच मेसेज, अरे हे तर सुरत-गुवाहाटी झालं. पण २०२२ मध्ये आपले आमदार सरकार पाडायला गेले होते, हे हद्दी वाचवायला आले होते, तेवढा फरक लक्षात घ्यायला हवा. शेवटी त्यांना परत जावं लागलं, टेक्ससचा कायदा ऑगस्टअखेर झाला, आणि नोव्हेंबरमध्ये कॅलिफोर्नियाने लोकांचा कौल घेऊन, डेमोक्रॅटांच्या सोयीसाठी, आपला स्वतंत्र आयोगाचा नकाशा बाजूला ठेवला. तुम्ही केलं म्हणून आम्ही. टेक्ससच्या आमदारांना आसरा देणाऱ्या इलिनॉयचा स्वतःचा नकाशा देशातल्या सर्वात पक्षपाती नकाशांपैकी एक आहे, हे इथले माझे डेमोक्रॅट मित्र बोलायला तयार नसतात, त्याचं मला फार वाईट वाटतं.

आता भारताकडे येतो. आपल्याकडे डिलिमिटेशन कमिशन, म्हणजे पुनर्रचना आयोग असतो, अध्यक्ष सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश किंवा निवृत्त न्यायाधीश, सोबत निवडणूक आयोग, खासदार-आमदार सहयोगी म्हणून बसतात पण त्यांना मत नाही, मसुदा छापतात, जाहीर सुनावणी घेतात. २००८ ची पुनर्रचना आठवा, राजापूर मतदारसंघ गेला. नाथ पै आणि मधु दंडवते यांचा राजापूर! कोकणातल्या माझ्या मामाला अजून ते सहन होत नाही, तो म्हणतो नकाशावरून नाव पुसलं. आणि इकडे मावळ, शिरूर नवीन झाले कारण माणसं पुण्या-मुंबईकडे गेली होती. दुःख खरं आहे, पण त्यात कुणा एका पक्षाने कुणा एका माणसाला पाडायला रेष ओढली असं मामासुद्धा म्हणत नाही. इलिनॉयमध्ये राहणाऱ्या माणसाला विचारा ही केवढी मोठी गोष्ट आहे ते. सगळं आलबेल आहे असंही नाही, जम्मू-काश्मीरमध्ये न्यायमूर्ती रंजना देसाईंच्या आयोगाने २०२२ मध्ये जम्मूला सहा आणि काश्मीरला एक जागा वाढवून दिली त्यावर बरीच टीका झाली आणि ती कान देऊन ऐकण्यासारखी आहे.

गोठवून ठेवा म्हणणाऱ्यांनाही सांगायचंय. इलिनॉयने १९०१ नंतर हद्दी बदलल्याच नव्हत्या, १९४६ मध्ये एका प्राध्यापकाची केस सुप्रीम कोर्टात आली तेव्हा एका मतदारसंघात १ लाख १२ हजार माणसं होती आणि दुसऱ्यात ९ लाख १४ हजार, आणि कोर्टाने तेव्हा हात वर केले. सगळे मतदारसंघ सारखे हवेत हा नियम यायला १९६४ उजाडलं. आपल्या आत्ताच्या हद्दी २००१ च्या लोकसंख्येवर आहेत. तेव्हाचं वाकड-हिंजवडी आठवा आणि आत्ताचं बघा.

आणि खरं दुखणं तर घराजवळ आहे, महापालिकेत. प्रभाग रचना! पुण्यात २०१७ ला चारचा प्रभाग (म्हणजे एका प्रभागातून चार नगरसेवक), मग महाविकास आघाडीने तीनचा केला, मग सरकार बदललं आणि परत चारचा. मुंबईत नगरसेवकांच्या जागा २२७ च्या २३६ आणि परत २२७. मार्च २०२२ मध्ये प्रभाग आखायचे अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून काढून राज्य सरकारने स्वतःकडे घेतले, विरोधकांनीही फार अडवलं नाही कारण ओबीसी आरक्षणाचा प्रश्न होता, आणि निवडणुका लांबत लांबत थेट जानेवारी २०२६ मध्ये झाल्या. सरकारच्या हातात रेषा गेल्या की काय होतं त्याचं इलिनॉय हे चालतंबोलतं उदाहरण आहे, फक्त इथे लोकांना त्याची सवय झालीय.

म्हणून ग्रुपवरच्या सगळ्या काका-मामांना माझी विनंती आहे, महाराष्ट्राला ६० मिळोत की ७०, त्यावर भांडा हवं तर, पण त्याबरोबर दोन गोष्टी मागा. लोकसभेच्या आयोगात राजकारण्यांना मत मिळता कामा नये आणि प्रभागांचा अधिकार पुन्हा राज्य निवडणूक आयोगाकडे गेला पाहिजे. आणि मसुदा निघाला की हरकती-सूचनांची मुदत संपायच्या आत आपल्या पेठेचा, आपल्या सोसायटीचा नकाशा उघडून बघा आणि लेखी हरकत द्या, ती कागदावर राहते.