ट्रेनी पायलट आणि चुकलेला रूट

ते फॉरवर्ड फिरतंय ना, की पॅसेंजर भरून ट्रेनीला विमान शिकवतात आणि ऑटोपायलट असूनही रूट चुकला म्हणजे ट्रेनीला काही येत नाही, ते अर्धवट आहे. लाईन ट्रेनिंगला, म्हणजे पॅसेंजर असलेल्या खऱ्या फ्लाइटवरच्या ट्रेनिंगला येणारा पायलट लायसन्स काढून, त्या टाईपच्या विमानाचं सिम्युलेटर ट्रेनिंग आणि चेक पास करून आलेला असतो, शेजारी ट्रेनिंग कॅप्टन असतोच, आणि सुरुवातीच्या फ्लाइट्सना बहुतेकदा कॉकपिटमध्येच मागच्या सीटवर तिसरा पायलटही.

आणि ऑटोपायलटला अक्कल नसते हो, कॉम्प्युटरमध्ये जो पॉइंट टाकाल तिकडे तो निमूट वळतो. खरी गडबड होते ती उतरायच्या दहा मिनिटं आधी कंट्रोलर रनवे बदलतो तेव्हा, एकजण मान खाली घालून नवीन अप्रोच, म्हणजे उतरायचा रस्ता, कॉम्प्युटरमध्ये टाकतोय, रेडिओवर बोलणं चालू, स्पीड कमी करायचाय, त्यात कॅप्टन शिकवतोय पण, म्हणजे त्याच्यावर डबल लोड. म्हणून टाकलेला बदल लागू करणारं एक्झिक्यूट बटण दाबायच्या आधी दोघांनी मॅपवर बघून कन्फर्म करायचं असतं, घाईत नेमकं तेच राहतं.

अनुभवी लोकही चुकतात. डिसेंबर १९९५, कोलंबियातलं काली, अमेरिकन एअरलाइन्सची फ्लाइट ९६५. ट्रेनिंग फ्लाइट नव्हती, कॅप्टन आधीही तिथे कितीतरी वेळा गेलेला. ऐनवेळी रनवे बदलला, 'रोझो' बीकनसाठी (जमिनीवरून रस्ता दाखवणारा रेडिओ सिग्नल) कॉम्प्युटरमध्ये नुसतं 'आर' टाकलं आणि यादीत पहिला आला तो बोगोटाजवळचा 'रोमिओ'. विमान डावीकडे वळलं, डोंगरावर आदळलं, १६३ पैकी १५९ गेले.

तिथे कुठला ट्रेनी होता सांगा.