कागद कापायला लॉगिन लागतं म्हणे!

हे घरगुती क्राफ्ट कटिंग मशीन विकणारे जाहिरातीत काय दाखवतात, तर बाई बॉक्स उघडते, प्लग लावते, बटण दाबते आणि लगेच हातात जाळीदार फुलपाखरू. प्रत्यक्षात बटणापर्यंत पोचायलाच अख्खी संध्याकाळ जाते. आधी अ‍ॅप डाऊनलोड करा, अकाउंट काढा, ईमेल व्हेरिफाय करा, मग फर्मवेअर म्हणजे मशीनच्या आतल्या सॉफ्टवेअरचं अपडेट, आणि ते अर्ध्यावर असताना आमच्याकडे लाइट गेली की परत श्रीगणेशा. अहो मला कागद कापायचाय, पासपोर्ट नाही काढायचा!! नेट नसेल तर स्वतःचं डिझाइन पण उघडत नाही, आणि जे डिझाइन आवडेल त्याच्यावर नेमकं पैसे भरायचं चिन्ह. दर महिन्याला. मशीनचे पैसे मोजले ते काय शोभेला ठेवायला?

बॉक्समध्ये मॅट, म्हणजे कागद चिकटवून ठेवायची चटई, एकच, ब्लेड एक आणि विनाइल, म्हणजे स्टिकरचा प्लास्टिक कागद, वीतभर. कापलेलं विनाइल उचलून चिकटवायची ट्रान्सफर टेप वेगळी घ्या, जाड कागदाला जास्त चिकट मॅट ती वेगळी घ्या, पातळ कागदाला कमी चिकट ती पण वेगळी घ्या. नाही घेतली तर पातळ कागद मॅटवरून सोलताना टराटरा फाटतो, बघितलंय. आणि मॅट 12 बाय 12 इंच! आमच्या स्टेशनरीवाल्या काकांकडे कार्डशीट मिळतं ए4 नाहीतर ए3. ए4 लावलं तर एका बाजूला मॅट तिसरा हिस्सा रिकामी, ए3 लावायचं तर ते 42 सेंटीमीटर लांब, म्हणजे मशीनने कापावं म्हणून आधी आपण कात्रीने कापा. काका कागदाचं वजन विचारतात, 250 जीएसएम देऊ का 300, अ‍ॅप विचारतं लाइट, मीडियम का हेवी, आता यातलं कुठलं म्हणजे कुठलं हे शोधायला चांगलं शीट वाया घालवा. कमी प्रेशरने अर्धवट कापतं, जास्तीने खाली मॅटवर चरे.

पण खरं डोकं फिरलं ते पुढे. 2018 ला थर्माकोलवर बंदी आल्यापासून आमच्याकडे मखर कागद-पुठ्ठ्याचंच असतं, म्हणून तर घेतलं हे मशीन, की कमानीवर छान मोठ्या अक्षरात "सिद्धिविनायक" कापू. टाइप केलं तर ऱ्हस्व वेलांटी स च्या डावीकडे यायच्याऐवजी उजवीकडे जाऊन बसली, द्धि चा तर पार चुराडा. मग दुसऱ्या अ‍ॅपमध्ये लिहून, त्याचं पीएनजी म्हणजे चित्र करून, बॅकग्राउंड काढून आत आणा. "मोरया" मात्र थेट टाइप केलं तरी नीट दिसलं म्हणून हुरळून कापायला टाकलं तर शिरोरेघ प्रत्येक अक्षरापाशी तुटलेली, कारण त्याला प्रत्येक अक्षर सुटं वाटतं, जिथे रेघेवर रेघ चढते तिथे पण ब्लेड फिरवतं. म्हणजे म वेगळा, र वेगळा, वरची पट्टी तुकड्या-तुकड्यांत. यावर उपाय म्हणे वेल्ड करा, म्हणजे सगळी अक्षरं एकत्र जोडून टाका. केलं. आता फॉन्ट बदलता येत नाही, कारण वेल्ड केल्यावर ती अक्षरं राहत नाहीत, नुसता आकार होतो. हे आधी सांगायला काय जातं हो? स्क्रीनवर तर "ग्लिटर पेन वापरून बघा" असले सल्ले उड्या मारत असतात. करोडो लोक देवनागरी लिहितात, पण मशीन बनवणाऱ्यांना फक्त हॅपी बर्थडे माहीत.

आणि एवढं करून कापलं गेलं तरी काम संपत नाही बरं का. विनाइल असेल तर टोकदार हुक घेऊन नको असलेला भाग खरवडत बसा, त्याला वीडिंग म्हणतात. ळ ची दोन्ही पोटं, ण मधली फट, अनुस्वाराचा ठिपका. अनुस्वार तर निघतोच, नको तेव्हा निघतो, आणि बोटाला चिकटून स्वयंपाकघरात जातो. मान दुखली माझी. व्हिडिओतल्या त्या मुली हाच भाग फास्ट फॉरवर्ड करतात आणि "सो सॅटिस्फाइंग" म्हणतात, तुमच्या घरी द्या पाठवून म्हणावं हे सगळं!

गणपती तोंडावर आलेत, मशीन टेबल अडवून बसलंय, सासूबाई शेजारी बसून साध्या ब्लेडने कमळं कापतायत आणि त्यांची चौदा झाली सुद्धा. मी अजून "ब्लूटूथ कनेक्ट होत नाही" वर.